यादीतलं अकरावं कलम

दहा कलमं होईपर्यंत सगळं गोडीत चाललं होतं. लग्न मुलीच्या दारात, जेवण दोघांत मिळून, मुलाला पोशाख आणि अंगठी, मुलीला मंगळसूत्र आणि शालू, मानाच्या साड्या सात, टॉवेल-टोप्या लागतील तेवढ्या. आबासाहेब एकेक कलम लिहायचे, लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि समोर गादीवर बसलेले नवऱ्या मुलाचे, इंद्रजीतचे, मामा मान डोलवायचे. मे महिना, त्यात सोलापूर. हॉलमधला कुलर असा घरघरत होता की आबासाहेबांना वर्गात वाचतात तसं वाचावं लागत होतं.

सगळ्या भावकीच्या याद्या आबासाहेबच लिहीत. हेडमास्तर होते, अक्षर छापल्यासारखं. दोन प्रती, दोन्ही स्वतःच्या हातानं, वर हळदीकुंकवाची बोटं, खाली दोन्हीकडच्या थोरल्या माणसांच्या सह्या. नवरा-नवरीची सही यादीवर नसते. तसं कुणाला सुचतही नाही. एकदा सह्या होऊन याद्यांची अदलाबदल झाली की लग्न पक्कं, मग मागं फिरणाऱ्याला भावकीत तोंड दाखवायला जागा उरत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या एकाही यादीत खाडाखोड नव्हती आणि हुंडा हा शब्द नव्हता. या दोन गोष्टींचा त्यांना भारी अभिमान, आणि तो ते कुणाच्याही घरी चहा पिता पिता सांगत. आज तर यादीवरच लग्न उरकायचं होतं. पुतणीचं, म्हणजे अपेक्षाचं, जर्मनीला परतायचं विमान रविवारी आणि आज गुरुवार. सह्या झाल्या की वर गच्चीवर मांडव तयारच होता. भटजी एक वाजता यायचे होते.

मामांनी मांडी बदलली. "आबा, येक ऱ्हायलंय बगा," ते म्हणाले. "पोरीच्या कार्डाचं."

कार्ड म्हणजे अपेक्षाला यंदा जानेवारीत मिळालेला जर्मनीतला कायमचा परवाना. सहा वर्षं तिकडच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून राबल्यावर हाती आलेलं एवढंसं प्लास्टिक, पण गेल्या महिन्यात त्याची कीर्ती मोडनिंबला पोचली होती. ती पोचवली बजाबाईनं. बजाबाई ही आबासाहेबांची आणि अपेक्षाच्या वडिलांची, शहाजींची, बहीण, मोडनिंबला दिलेली. इंद्रजीत तिच्या चुलतदिराचा मुलगा, स्थळ तिनंच आणलेलं. त्या कार्डावर दवाखान्याचा घोर नाही, पोराबाळांची शाळा फुकट, नोकरी गेली तरी सरकार हाकलत नाही, म्हातारपणी पेन्शन आणि नवऱ्याला सोबत न्यायची मुभा, असं ती घरोघर सांगत सुटली होती. त्यातलं बरंचसं खरं होतं, थोडं तिनं पदरचं घातलं होतं.

मामांचं म्हणणं सरळ होतं. शेजारच्या गावातल्या एका मुलाचं असंच लग्न लागलं, पोरगी परदेशी गेली ती गेली, तीन वर्षं झाली, मुलगा अजून बॅग भरून बसलाय. आपल्या पोराचं तसं नको, म्हणून लिहून असू द्या. इंद्रजीतला वडील नाहीत, भाच्याला मामांनी लहानाचा मोठा केला, तेव्हा ही काळजी त्यांनी नाही करायची तर कुणी. आबासाहेब थबकले. हे हुंड्यात मोडतं का, असा एक विचार त्यांच्या डोक्यात येऊन गेला. पण कार्ड हा काही पैसा नव्हे, सोनं नव्हे, गाडी नव्हे. आणि असलं कलम उभ्या माढा तालुक्यात आजवर कुणी लिहिलं नसणार, हेही त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांच्यातला हेडमास्तर जागा झाला. त्यांनी वाक्य मनाशी जुळवलं, पेन झटकलं, दोन्ही प्रतींवर सुबक लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"कलम अकरा. वधूने विवाहानंतर सहा महिन्यांचे आत वरास जर्मनी देशी न्यावे व स्वतःच्या कायम परवान्याच्या आधारे वराचाही कायम परवाना करून द्यावा."

मामा म्हणाले, झकास.

आतल्या खोलीत अपेक्षाची वहिनी अंकिता नणंदेच्या पदराला पिना लावत होती. सकाळी सहाला नळाला पाणी आलं तेव्हापासून ती पायावर होती. पाच दिवसांनी आलेलं पाणी. टाकी, पिंप, घागरी, कुलर सगळं भरून मग चाळीस माणसांच्या स्वयंपाकाला हात घातला. अपेक्षा आल्यापासून दोघींत कामापुरतं बोलणं होतं. चहा घेता का, पाणी काढलंय, पिन टोचली का. त्याच्या पुढं गाडी सरकत नव्हती.

याला कारण दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सासूबाई आजारी पडल्या, महिनाभर अंथरुणाला खिळल्या, त्यांचं सगळं अंकितानं केलं, आणि त्या गेल्या तेव्हा लेक आली नाही. मातीला नाही, दहाव्याला नाही, पहिल्या वर्षश्राद्धालाही नाही. आल्यागेल्या बाया अंकिताला म्हणाल्या, लेकीनं केलं नाही ते तू सुनेनं केलंस बाई. अंकिताला ते ऐकायला गोड लागलं, खोटं कशाला बोला. त्या महिन्यात तिचं सहा किलो वजन उतरलं होतं आणि नवऱ्यानं एकदासुद्धा विचारलं नव्हतं की जेवलीस का. कुणीतरी चार शब्द बरे बोलत होतं, ते तिनं घेतले.

बाहेरून आबासाहेबांचा आवाज आला. कलम अकरा. दोघींनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. अंकिताच्या हातातली पिन हातातच राहिली. अपेक्षानं आधी आरशात बघितलं, मग मान वळवली.

"वहिनी, मी बरोबर ऐकलं ना?"

"हो," अंकिता म्हणाली. "तुमचंच आहे ते."

अपेक्षा उठली. अर्धा पदर लावलेला, अर्धा सुटलेला, तशीच दार उघडून बाहेर गेली.

यादी चालू असताना नवरी हॉलमध्ये येत नाही. त्यामुळं ती दारात दिसल्यावर काय करायचं हे कुणालाच कळेना. मामांनी उगाच टोपी सारखी केली. शहाजी भिंतीला टेकून बसले होते, ते नीट बसले. अपेक्षा आबासाहेबांपाशी गेली आणि म्हणाली, आबा, ते अकरावं परत वाचा. आबासाहेबांना वाटलं पोरीला वाक्य आवडलं. त्यांनी परत वाचलं, मघापेक्षा ठसक्यात.

बजाबाईला मात्र रंग कळला. "तू आत जा गं," ती म्हणाली. "यादीत नवरीनं बोलायचं नसतंय."

"यादीत माझं कार्ड आहे, आत्या. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी बोलते."

इंद्रजीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसला होता, नवा निळा शर्ट घालून. अपेक्षानं त्याच्याकडं बघितलं, त्यानं खाली. गेले तीन आठवडे ती त्याच्याशी रोज फोनवर बोलत होती. हो तिनं स्वतः म्हटलं होतं, कुणी गळ घातली म्हणून नव्हे. स्पर्धा परीक्षेत चारदा आपटलो, आता मामांच्या खताच्या दुकानात बसतो, हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्यांची नावं त्याला पाठ झाली होती, कालच्या आजींनी औषध घेतलं का म्हणून तो विचारायचा. तो तिला मनापासून आवडला होता. त्याला न्यायला काय काय कागद लागतात ते तिनं सगळं काढून ठेवलं होतं. भाषेची पहिली परीक्षा इकडंच द्यावी लागते, त्याचा क्लाससुद्धा बघून ठेवला होता, आणि आज संध्याकाळी ती त्याला हे सांगणार होती.

"मी त्यांना नेणारच होते," ती मामांना म्हणाली. "कुणी न लिहिता. पण कायमचा परवाना मी देत नाही, मामा, तिकडचं सरकार देतं. त्यांना तिथं राहावं लागेल, भाषा शिकावी लागेल, काम करावं लागेल. त्यात वर्षं जातात. माझी सहा गेली."

"मंग सहा म्हयन्याच्या जागी सहा वर्सं लिवा," मामा म्हणाले. "आमाला घाई न्हाय."

खाडाखोड होणार म्हणून आबासाहेबांचा चेहरा पडला.

"साठ लिहितो म्हणालात तरी मला लिहायचंच नाही," अपेक्षा म्हणाली.

"का पन? नेनार हाय म्हंतीस, तर लिवायला काय जातंय?"

प्रश्न वाजवी होता आणि तो मामांनी रागानं विचारला नव्हता. "आज लिहून दिलं की कार्ड तुमचं झालं," ती म्हणाली. "उद्या त्यांचं माझं पटलं नाही, तुम्ही यादी काढाल. त्यांची परीक्षा राहिली, यादी काढाल. मी तिकडं सहा वर्षं एका कागदाला बांधलेली होते. नोकरी सोडली की परवाना जाणार, म्हणून हेडबाई वाट्टेल ते बोलली तरी त्याच वॉर्डात राहिले. सणावाराच्या सगळ्या ड्यूट्या मला, नाही म्हणायची सोय नाही. इकडं यायचं तर आधी तिची रजा, मग कचेरीचा शिक्का. ते कार्ड आलं त्या दिवशी मी सुटले, मामा. आता परत कुनाच्या कागदाला बांधून घेनार न्हाय मी."

शेवटचं वाक्य तोंडातून गेलं तेव्हा बोली बदलल्याची तिची तिलाच जाणीव झाली. रागात तिची बोली कुर्डुवाडीची व्हायची. तिथल्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती वाढली होती, शहाजी वर्कशॉपात फिटर होते तेव्हा.

अभिमन्यू आतापर्यंत दाराशी उभा राहून चपला नीट लावल्यासारखं करत होता. अपेक्षाहून तीन वर्षांनी मोठा भाऊ, अंकिताचा नवरा. चिंचोळीच्या एमआयडीसीत बारा वर्षं सुपरवायझर, आणि बारा वर्षांत एक पायरी वर नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता पक्का होता. इंद्रजीत आधी जाईल, तिथं पाय रोवेल, मग बहीण आणि मेव्हणा मिळून आपल्याला ओढून घेतील. बहिणीला सरळ विचारता आलं असतं, पण धाकटीपुढं तोंड वेंगाडायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आता सगळंच फिसकटायला लागलं म्हटल्यावर त्याला राहवेना.

"मामांना मीच सांगितलं, लिहून घ्या म्हणून," तो म्हणाला.

अपेक्षा त्याच्याकडं बघतच राहिली. मामा परके होते, त्यांचं तिला काही वाटलं नव्हतं. हे मात्र लागलं.

"मला विचारायचंस की, दादा."

"विचारून तू काय सांगितलं असतंस?"

"खरं सांगितलं असतं. त्या कार्डावर भावाला नेता येत नाही. तुला तुझ्या कामावर यावं लागेल, कोर्स करावा लागेल. त्याला मी लागेल ती मदत केली असती."

चार माणसांत धाकट्या बहिणीनं असं समजावून सांगितलेलं अभिमन्यूला सोसलं नाही. त्याच्या जवळ एकच शस्त्र होतं आणि ते दोन वर्षं धार लावून ठेवलेलं होतं. "आईच्या मातीला आली न्हाईस तू," तो म्हणाला. "ह्याच कार्डापायी. ती हितं तुझं नाव घेत गेली आणि तू तिकडं ड्यूटी करत होतीस. मग आता ते कार्ड घराच्या कामाला तरी येऊ दे."

मामांनी इंद्रजीतकडं बघितलं, जणू ही गोष्ट आधी का सांगितली नाही असं विचारत होते.

अपेक्षाला बोलता आलं असतं. दोन वर्षांपूर्वी तिचा जुना परवाना संपला होता, नवा कचेरीतल्या टेबलावर पडून होता आणि मधल्या मध्ये देशाबाहेर गेलं तर परत आत येता येईल याची खात्री कुणी देत नव्हतं. हे तिनं तेव्हा फोनवर सगळ्यांना सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नव्हतं. त्याच्या पुढचं जे होतं ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ते बोलणं तिच्यात आणि आईत झालं होतं, आई गेली होती आणि मेलेल्या माणसाचे शब्द आपल्या सोयीसाठी पुढं करायचे तिला नको वाटत होतं. डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत आणि खालीही बघितलं नाही.

"नाव घेत गेल्या हे खोटं आहे," दारातून आवाज आला.

अंकिता उभी होती, पिनांची डबी हातात. सगळ्यांनी वळून बघितलं. अभिमन्यूनं तिला आत जायला सांगितलं.

"जाते. सांगून जाते," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडं न बघता शहाजींकडं बघून बोलायला लागली. "अण्णा, जायच्या चार दिवस आधी आईंना हात उचलवत नव्हता. फोन मी धरला होता त्यांच्या कानाला. ताई रडत होत्या. म्हणत होत्या, मी निघते, परवाना गेला तर गेला. तर आई म्हणाल्या, यिऊ नगंस. माज्यासाटी आलीस आन परत जाता आलं न्हाय, तर जन्मभर कुनाच्यातरी म्हनन्यावर जगशील, माज्यासारकी. कार्ड झाल्याबिगर हितं पाय ठिऊ नगंस, तुला माजी शप्पत हाय." ती थांबली. "आणि मला म्हणाल्या, हे ह्यांना सांग, न्हाईतर पोरीला बोल लावतील. मी सांगितलं नाही."

"का गं?" बजाबाईनं विचारलं.

"राग होता मला. मी एकटी करत होते सगळं. नंतर लोक मला चांगली म्हणायला लागले आणि ताईंना वाईट, तेव्हा सांगायचं आणखीच जिवावर आलं. दोन वर्षं गप्प बसले. चुकलं माझं."

अपेक्षानं तिच्याकडं बघितलं. या बाईचा राग करावा की तिला मिठी मारावी हे तिला ठरवता येईना. दोन वर्षं ती रोज एकदा तरी स्वतःला विचारत आली होती की आई खरंच तसं म्हणाली होती का, की आपणच मनाची समजूत घालतोय. आता साक्षीदार उभा होता.

शहाजींच्या मनात मात्र एकच शब्द अडकला. माज्यासारकी. सदतीस वर्षं संसार केला, बायको कुणाच्या म्हणण्यावर जगली हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. उत्तर शोधायला लांब जायची गरज नव्हती. ती जगली त्यांच्या म्हणण्यावर, आणि ते जगले आबांच्या. बदली घ्यायची का, घर कुठं बांधायचं, लेकीला नर्सिंगला घालायचं का, सगळं आबांना विचारून. लेकीच्या नर्सिंगला आबा नाही म्हणाले होते आणि तेव्हा बायको तीन दिवस जेवली नव्हती, म्हणून ते झालं. गेली दोन वर्षं लेकीचा फोन आला की शहाजी बरी हाईस का एवढं विचारून फोन दुसऱ्याच्या हातात द्यायचे. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यावर ठेवले.

"आबा," ते म्हणाले, "अकरावं खोडा."

आबासाहेबांनी चष्मा काढला. "आपल्या यादीत खाडाखोड नसती. तुला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय. खोडा."

"न्हाय खोडत मी."

"मंग माजी सही न्हाय."

आबासाहेब धाकट्या भावाकडं बघत राहिले. सत्तर वर्षांच्या त्या माणसाला असलं उत्तर घरातून पहिल्यांदा मिळत होतं. बजाबाईनं कपाळाला हात लावला, पण तिच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती भावजयीसाठी होती. मोडनिंबहून येताना जीपमध्ये तिनंच या कलमाचं सगळ्यात जास्त कौतुक केलं होतं. आता तिच्या तोंडून त्याच्या बाजूनं शब्द निघेना.

मामा उठून उभे राहिले. "शहाजीराव, मी काय वंगाळ मागत न्हाय," ते म्हणाले. "पोराला बाप न्हाय, मला उद्या जाब द्यावा लागंल. कलम खोडलं तर आमी उठतो."

हे ते धमकी म्हणून बोलले नाहीत, जे होतं ते सांगितलं. आता सगळं एका माणसावर आलं. अपेक्षा इंद्रजीतच्या समोर जाऊन उभी राहिली. तो हो म्हणाला तर एक वाजता लग्न होतं, आणि ते तिला हवं होतं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "कलम न लिहिता येताय का?"

इंद्रजीत उभा राहिला. त्यानं तिच्याकडं नीट बघितलं, आज पहिल्यांदा. "मला कलम नको होतं," तो हळू म्हणाला. "रात्री मामांना तसं बोललो पण. पण मामांनी वाढवलंय मला. त्यांच्या पुढं जाऊन मला येता येणार नाही."

तो खरं बोलत होता, हे तिला कळत होतं. त्या घटकेलाही तो तिला आवडतच होता, हीच खरी पंचाईत. त्याला घेऊन ती हजारो मैल गेली असती, त्याला नोकरी शोधून दिली असती, पण प्रत्येक वेळी तो मोडनिंबला फोन लावून विचारून मग हो म्हणाला असता. आणि ती परत कुणाच्यातरी म्हणण्यावर.

"मग उठा," ती म्हणाली.

शहाजींनी पाहुण्यांना जेवून जा म्हणून हात जोडून सांगितलं. लग्न नसलं म्हणून काय झालं, ताटं मांडलीत. पाहुणे जेवले नाहीत. बजाबाईला त्याच जीपमधून जावं लागलं. जाताना ती अपेक्षाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, मला तिथं दिवस काढायच्यात बाई, माझा राग धरू नको. अपेक्षा म्हणाली, नाही धरत. भटजींना फोन करून येऊ नका म्हणून सांगायचं काम अभिमन्यूवर आलं. त्यानं ते केलं आणि गच्चीवर निघून गेला, मांडवाच्या दोऱ्या सोडायला. अंकितानं त्याला जेवायला हाक मारली नाही.

आबासाहेब जागचे हलले नव्हते. दोन्ही प्रती त्यांच्या मांडीवर होत्या. आजपर्यंत त्यांनी लिहिलेल्या यादीच्या दोन्ही प्रती एकाच घरात राहिल्या नव्हत्या. अपेक्षा त्यांच्यासाठी ताट घेऊन आली तेव्हा त्यांनी विचारलं, वाक्यात काही चूक होती का गं. ती म्हणाली, वाक्य चांगलं होतं, आबा. त्यांना ते ऐकून जरा बरं वाटलं आणि मग बरं वाटल्याचा रागही आला. ते ताटावर मात्र बसले.

अंकिता वाढायला वाकली तर अपेक्षानं तिच्या हातातून पळी काढून घेतली आणि तिला आधी बसायला सांगितलं. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. अंकिता बसली. दोघींना एकमेकींशी बरंच बोलायचं होतं, पण ते आज व्हायचं नव्हतं. आमटी गार झालीय का एवढंच अपेक्षानं विचारलं, आणि अंकितानं पहिल्यांदाच तिला अगं म्हणून उत्तर दिलं.

जेवणं आटोपली तेव्हा दोन वाजून गेले होते. शहाजी हात धुऊन आले आणि लेकीच्या शेजारी जिन्याच्या पायरीवर बसले. काय बोलायचं ते त्यांनी मनात दोनदा म्हणून बघितलं असावं.

"फुडल्या शनिवारी तुज्या आईचं वर्षश्राद्ध हाय."

"म्हाईत हाय."

"तू रविवारी जानार."

अपेक्षानं फोन काढला आणि वॉर्डाच्या हेडबाईला लावला. तिकडं सकाळ होती, पहिली पाळी चालू असणार. ती उभी राहून बोलत होती, जर्मनमध्ये, आणि घरातले सगळे कामं टाकून ऐकत होते. कुणाला एक शब्द कळत नव्हता. पलीकडचा आवाज चढला तो मात्र सगळ्यांना ऐकू आला. अपेक्षाचा चढला नाही. तिनं तेच वाक्य परत एकदा सावकाश म्हटलं, आभार मानावेत तसं काहीतरी बोलली आणि फोन ठेवला.

"काय म्हनली ती?" शहाजींनी विचारलं.

"चिडली. मानसं कमी हायत म्हनली. कामावरून काढीन म्हनली."

"मंग?"

"काढलं तर दुसरं हॉस्पिटल बघीन. कार्डाला हात लावता येत न्हाय तिला."

शहाजींनी यावर विचार केला. रेल्वेत चौतीस वर्षं त्यांनी अर्ज लिहून, साहेबाच्या दारात उभं राहून रजा घेतल्या होत्या, त्यातल्या निम्म्या नामंजूर झालेल्या. "म्हंजी रजा दिली का न्हाय तिनं?" त्यांनी परत विचारलं.

"मागितलीच न्हाय, अण्णा," अपेक्षा म्हणाली. "येत न्हाय म्हनून सांगितलं."